भिक्खूचा ठोसा

भिक्खूने ठोसा मारावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता पोरखेळाचा वाटेल. तो पोरांच्या खेळातूनच आलेला आहे, हेही खरे. आमच्या छावणीत राहणाऱ्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने लढतीच्या व्हिडिओ गेमसाठी एक नवे पात्र योजिले आहे. पात्र भिक्खूचे आहे. त्याचा बावीस पानी आराखडा त्याने माझ्या हाती दिला आणि म्हणाला, "सर, पात्र समतोल झाले आहे का, तेवढे सांगा." समतोल हा त्याच्या धंद्यातला पारिभाषिक शब्द आहे. परंतु बुद्धाच्या अनुयायाने भिक्खूविषयी बोलताना तो उच्चारला की त्याला दुसरेही वजन येते, आणि त्या दुसऱ्या वजनाविषयी मला लिहावयाचे आहे.

नायक कोणाचा, त्याच्या हाती काय दिले आहे, तो कोणाच्या नजरेने घडविला आहे, हे प्रश्न दलित समीक्षेने गेली पन्नास वर्षे प्रस्थापित वाङ्मयाला विचारले. ज्या पडद्यापुढे आमची मुले रात्री जागवितात त्या पडद्यावरच्या नायकाला मात्र ते कोणी विचारीत नाही. खेळच तो, सोडून द्या, असे आमच्यातले पदवीधरही म्हणतात. आंबेडकरी जलशांनाही एके काळी काही शहाण्यांनी असेच सोडून दिले होते.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. दोन लढवय्ये समोरासमोर उभे असतात. प्रत्येकाच्या डोक्यावर आयुष्याची एक पट्टी असते. मार बसला की ती कमी होते. मध्ये घड्याळ, ते बहुधा नव्व्याण्णवपासून उलटे मोजते. वेळ संपली तर ज्याची पट्टी अधिक उरली तो जिंकतो. प्रत्येक डावाचे तीन भाग पाडलेले असतात: डाव उचलण्याचा वेळ, तो लागू असण्याचा वेळ आणि त्यानंतर सावरण्याचा वेळ. हे सारे सेकंदाला साठ चित्रे या हिशेबाने मोजतात. हलका ठोसा चटकन उठतो, पण थोडेच नुकसान करतो. जबर डाव उठावयास उशीर लावतो आणि फसला तर मारणारा उघडा पडतो. ज्याने कुस्ती पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. धोबीपछाड मारावयाची तर प्रतिस्पर्ध्याला पाठ द्यावी लागते. डाव फसला की तीच पाठ त्याच्या हाती सापडते. बळाला किंमत असणे, याचेच नाव समतोल.

या धंद्यातली माणसे खेळ बाजारात आल्यावरही आकडे तपासत राहतात. फार बलवान पात्राचे बळ छाटतात, दुबळ्याला चार दाणे अधिक घालतात, आणि कोणतेही पात्र घेऊन बसलेल्या मुलाला जिंकण्याची निम्मी तरी संधी असावी यासाठी झटतात. खेळणारे मात्र लगेच पात्रांची उतरंड लावून मोकळे होतात. तिला ते टियर लिस्ट म्हणतात. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती या देशात दोन हजार वर्षे टिकली, आणि कोणालाही तिचे आकडे दुरुस्त करावेसे वाटले नाही. असो. हा विषय येथे वाढविण्याचा मोह आवरतो.

विद्यार्थ्याने भिक्खूसाठी तीन मार्ग आखले आहेत. खेळणाऱ्याने त्यांतला एक निवडावयाचा आणि त्याच दिशेने पात्राचे सामर्थ्य वाढवीत न्यावयाचे. मुष्टिमार्गात चपळ ठोशांची साखळी आहे. दंडमार्गात लांब पल्ल्याची काठी आहे. मंत्रमार्गात भिक्खू डोळे मिटून पुटपुटतो आणि त्याच्या तळहातांतून आग निघते. आकडे काळजीपूर्वक बसविलेले आहेत. मुष्टी वेगवान पण नाजूक, दंड दूरचा पण मंद, मंत्र जबर पण उचलावयास वेळ घेणारा. त्याच्या धंद्यातल्या अर्थाने पात्र समतोल आहे. माझा आक्षेप आकड्यांना नाही. हा भिक्खू आला कोठून, हा माझा प्रश्न आहे.

तो नागसेनवनातून आलेला नाही. त्याचा प्रवास सांगता येतो. १९७२ साली अमेरिकेत 'कुंग फू' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिचा नायक शाओलिन विहारात वाढलेला, अमेरिकेच्या पश्चिमेत भटकणारा लढवय्या. १९७३ साली ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' आला. त्याच लाटेत, १९७५ साली, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागदी खेळाच्या 'ब्लॅकमूर' या पुरवणीत रिकाम्या हाताने लढणारा मंक हा पात्रवर्ग दाखल झाला. मंकने ठोसे मारावयाचे, चिलखत घालावयाचे नाही, हा साचा तेथे ठरला. पुढे १९९२ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट'मध्ये शाओलिनचा लिउ कांग आला, २०१२ च्या 'डायब्लो ३'मध्ये मंत्र म्हणून शत्रू जाळणारा मंक आला, २०१८ साली 'फॉर ऑनर' या खेळात शाओलिन नावाचाच काठीवाला लढवय्या आला. आमच्या विद्यार्थ्याचे तीनही मार्ग या वंशावळीत जसेच्या तसे सापडतात.

शाओलिन खोटे आहे असे मला म्हणावयाचे नाही. इ. स. ६२१ मध्ये त्या विहारातील भिक्खूंनी तांग राजपुत्र ली शिमिन याला त्याच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध साहाय्य केले, आणि त्याबद्दल विहाराला जमीन व पाणचक्की मिळाली; तेरा भिक्खूंची नावे आणि हा इतिहास ७२८ सालच्या शिलालेखात कोरलेला आहे. बोधिधर्माने तेथे मुष्टियुद्ध शिकविले ही कथा मात्र पुष्कळ उशिरा, सतराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या ग्रंथांतून फोफावली. मूळ शस्त्र काठी होते. ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की ज्या विहाराकडे शेती होती, चक्की होती, कोठार होते, त्या विहाराला राखण लागली. ज्याच्याकडे जमीन त्याच्याकडे काठी, हे आपल्या खेड्यांतूनही आपण पाहिलेले आहे. आमच्या भिक्खूपाशी तीन चीवरे आणि एक पात्र. त्याने काठी कशाची राखण करण्यासाठी घ्यावी?

मंत्रमार्गाचा उगम आणखी एका ठिकाणी आहे, आणि तो आपल्या नावावर मांडलेला आहे. १९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'स्ट्रीट फायटर २' आणला. त्यात भारताच्या वतीने धालसिम नावाचा योगी उभा आहे. हात-पाय रबरासारखे लांबवितो, तोंडातून आग ओकतो, मागे हत्ती उभे असतात, आणि गळ्यात कवट्यांची माळ. ह्या कवट्या त्याच्या गावात साथीने मेलेल्या मुलांच्या, असे कथानक सांगते. तो अहिंसेचा उपासक आहे आणि गरीब गावासाठी पैसा मिळवावा म्हणून लढतो. धंद्याच्या दृष्टीने पात्र उत्तम घडविलेले आहे: पल्ला लांब, चाल मंद, जवळ गाठला तर हतबल. २०२३ च्या 'स्ट्रीट फायटर ६'मध्येही तो आहे, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या मुलांनी भारतीय विरक्त माणूस पाहिला तो हा. पण मेलेल्या पोरांच्या कवट्या गळ्यात घालून हिंडणाऱ्या या माणसाला ती पोरे कोणत्या वस्तीतली होती, पाणी कोठले पीत होती, हे कोणी विचारलेले नाही. दुःखाचा दागिना करून तो विलक्षण दिसावा एवढीच योजना. दुःखाचे कारण शोधण्याला बुद्धाने प्रारंभीच स्थान दिले. धालसिम तेवढेच टाळतो.

हे परदेशी लोकांचे अज्ञान म्हणून सोडावे, तर घरचे उदाहरण फार दूर नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. भारतीय कलेची त्यांनी केलेली उपासना खरी आहे. भित्तिचित्रे, महाल, कठपुतळीसारखी निवेदनाची दृश्ये पाहून मी सुखावलो. नायिका सर्कशीतली कसरत करणारी मुलगी. असुरांनी पळविलेल्या भावाला शोधण्यासाठी ती निघते आणि दुर्गा तिला शस्त्र देते. तिची प्रत्येक उडी, प्रत्येक कोलांटी कसरतीची आहे, तिच्या डावांचा सारा डौल तेथून आलेला आहे. आपल्याकडे दोरीवर चालणारी, कोलांट्या मारणारी पोर म्हटली की डोंबाऱ्याचे पाल डोळ्यांपुढे येते. खेळात तिचे शरीर आले, कौशल्य आले. पाल आले नाही, जात आली नाही, आणि शस्त्र मात्र देवतेने दिले. तिच्या अंगच्या विद्येने तिला तारले असते तर काय बिघडले असते?

म्हणून मी विद्यार्थ्याला म्हणालो की मंत्रमार्ग प्रथम काढ. विनयपिटकात पिंडोल भारद्वाजाची कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे पात्र उंच टांगले आणि ऋद्धी असेल त्याने उडून घ्यावे असे आव्हान दिले. पिंडोल उडाला, पात्र घेतले, लोकांनी जयघोष केला. बुद्धाने त्याची कानउघाडणी केली, ते पात्र फोडावयास लावले आणि गृहस्थांपुढे चमत्कार दाखविण्यास बंदी केली. ज्या धर्मात चमत्कार दाखविणे हाच अपराध, त्याच्या भिक्खूच्या तळहातातून आग काढणे म्हणजे त्याला पुन्हा बुवा करणे होय. आमची माणसे बुवांच्या तावडीतून सुटून अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

मंत्रमार्ग त्याने निमूट काढला. दंडमार्गाविषयी थोडा वाद घातला. भिक्खूला काठी वापरावयाची तर आजारपणात, तीही संघाच्या अनुमतीने, हे सांगितल्यावर तोही सोडला. मुष्टिमार्गाशी मात्र तो अडला आणि म्हणाला, "मग सर, आपल्या माणसाने पडद्यावरसुद्धा मारच खायचा का?"

हा प्रश्न मी हलका मानत नाही. ज्या जागी तो विचारला गेला ती जागाही ध्यानात घेतली पाहिजे. छावणी हे नावच फौजेचे. निजामाच्या काळात हैदराबाद कंटिन्जंटची पलटण येथे होती. फौज ही आमच्या समाजाची पहिली शाळा. स्वतः बाबासाहेब महूच्या छावणीत १८९१ साली जन्मले, सुभेदाराच्या घरात. त्याच दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, आणि ते दार पुरते उघडून महार रेजिमेंट उभी राहावयास १९४१ उजाडावे लागले. म्हणजे शस्त्र हाती असणे हा आमच्यासाठी केवळ हिंसेचा विषय कधीच नव्हता. माणूस म्हणून मोजले जाण्याचा तो विषय होता. आणि छावणीच्या कडेलाच नागसेनवन आहे. तेथे बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय सुरू केले, १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली, आणि पुढे त्या महाविद्यालयाला एका राजाचे व परिसराला एका भिक्खूचे नाव मिळाले. एका बाजूला पलटण, दुसऱ्या बाजूला भिक्खू. छावणीतल्या आमच्या पोराला दोन्ही वारसे एकाच रस्त्यावर भेटतात. त्यात १९७८. विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या आमच्या वस्त्या पेटल्या. १४ जानेवारी १९९४ पर्यंत माणसे या नावासाठी झगडली, काही मेली. ज्याच्या आजीने घर जळताना पाहिले त्या पोराला सहनशीलतेची पोथी वाचून दाखविणे हा निर्लज्जपणा होईल.

तेव्हा भिक्खूला मार खाणारे पात्र करा, असे मी म्हणालो नाही. तसे करणे म्हणजे चीवरातला सत्याग्रही उभा करणे, आणि दुबळ्याने सोसून बलवानाचे हृदय वितळवावे या कल्पनेवर बाबासाहेबांचा विश्वास नव्हता. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे मांडले. याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी भिक्खूविषयीचा प्रश्न उभा केला: भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हावयाचा आहे की समाजाचा सेवक? खेळाच्या पात्रालाही हाच प्रश्न विचारावा लागेल.

आता पुण्णाची कथा घ्या. पुण्ण सुनापरान्ताचा, सुनापरान्त म्हणजे आपल्या सोपाऱ्याकडचा प्रदेश असे मानतात, म्हणजे माणूस महाराष्ट्राचा. तो तिकडे धम्म सांगावयास निघाला तेव्हा बुद्धाने त्याला विचारले, तेथले लोक उग्र आहेत, शिव्या देतील तर? हाताने मारतील तर? ढेकळांनी, दांड्याने, शस्त्राने, आणि ठारच मारतील तर? पुण्णाने प्रत्येक पायरीवर शांत उत्तर दिले. शिवी, हात, ढेकूळ, दांडा, शस्त्र, मृत्यू, अशी ही चढती भाजणी आहे, आणि कोणत्याही लढतीच्या खेळात नुकसानीच्या पायऱ्या याहून नेमक्या आखलेल्या मी पाहिलेल्या नाहीत. प्रवचनकार येथेच थांबतात व सहनशीलतेचा गौरव करतात. कथा तेथे थांबत नाही. पुण्ण गेला आणि पहिल्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक व पाचशे उपासिका केल्या. सोसणे हे त्याचे ध्येय नव्हते, जाण्याची किंमत होती. म्हणून या भिक्खूचे यश समोरच्याची पट्टी किती उतरली यावरून मोजूच नये. माणसे किती जोडली यावरून मोजावे. समाजसेवकाचा हिशेब तो हाच.

आणि तरीही ठोसा उरतो. तो विनयातच आहे, फक्त प्रवचनांत त्याची गाठ पडत नाही. रागाने दुसऱ्या भिक्खूवर प्रहार करणे हा पाचित्तिय अपराध; गृहस्थावर केला तरी दोष आहेच, कमी प्रतीचा. पण त्या नियमाच्या विवरणात अपवाद नोंदविला आहे: कोणी छळत असता सुटका व्हावी म्हणून प्रहार केला तर दोष नाही. पाळीत तेथे शब्द आहे मोक्ख. आपण मोक्ष म्हणून जो शब्द आकाशात टांगून ठेवला आहे तो येथे मानेभोवतीचा हात सोडविण्यासाठी वापरलेला आहे. मला हा अपवाद साऱ्या विनयातला एक मोठा मानवी क्षण वाटतो. मुक्त होण्यासाठी मारलेला ठोसा निर्दोष. त्यानंतरचा दुसरा, रागाचा, सदोष.

मी विद्यार्थ्याला हे दाखविले तेव्हा त्याने वहीच काढली. या खेळांत पात्र पडद्याच्या कोपऱ्यात कोंडले गेले की मार चुकवावयास जागा उरत नाही. त्याने ठरविले की भिक्खूचा ठोसा एरवी उठणारच नाही. कोपऱ्यात कोंडला गेला किंवा कोणी धरले तरच उठेल. तेव्हा मात्र तो खेळातला सर्वांत जलद डाव असेल. त्याने समोरच्याची पट्टी जवळजवळ कमी होणार नाही, पण तो दूर फेकला जाईल आणि कोंडी फुटेल. सुटल्यावर लागलीच दुसरा ठोसा मारू पाहणाऱ्याची सावरण्याची वेळ लांबेल आणि तो उघडा पडेल. रागाची किंमत अशी चित्रांच्या हिशेबात मोजता येते, हे मलाही नवीन होते.

मग जिंकावयाचे कशाने? येथेही विनय मदतीला आला. सेखिय नियमांत असे आहे की ज्याच्या हाती दांडा, सुरी वा शस्त्र आहे, आणि जो आजारी नाही, त्याला भिक्खूने धम्म सांगू नये. कोणी म्हणेल हा शिष्टाचाराचा नियम आहे. असेल. खेळाच्या दृष्टीने तो पात्राचा कणा आहे. भिक्खूचे सर्वांत मोठे सामर्थ्य शब्द, आणि तो शब्द शस्त्रधाऱ्यावर चालतच नाही. आधी शस्त्र खाली पडले पाहिजे. ते कसे पडते हे अंगुलिमालाच्या कथेत आहे: तो सारे बळ लावून धावला आणि शांत चालणारा बुद्ध त्याला गाठता आला नाही, शेवटी थांबला तो पाठलाग करणाराच. तेव्हा समोरच्याचा प्रत्येक फुकट गेलेला वार त्याचा दम खाईल, दम संपला की शस्त्र सुटेल, आणि त्या दोन-तीन सेकंदांच्या फटीत भिक्खूला आपले म्हणणे मांडता येईल. ती फट चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. सामर्थ्य अफाट आणि अट कडक. समतोल याहून वेगळा काय असतो?

हेच मिलिंदपञ्हात घडते. नागसेनाने राजा मिलिंदाशी वाद करण्यापूर्वी विचारून घेतले की तू पंडितासारखा बोलणार की राजासारखा? पंडित वादात हरले तरी रागावत नाहीत, राजे मात्र न पटणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंदाने पंडितासारखे बोलण्याचे कबूल केले. म्हणजे वाद सुरू होण्याआधीच राजाने आपला दंड खाली ठेवला, आणि ते घडवून आणणे हाच नागसेनाचा पहिला डाव होता. नागसेनवनातल्या वर्गांत शिकून गेलेल्या किती जणांच्या हे लक्षात आले असेल, मला शंका आहे.

विद्यार्थ्याने एक धंदेवाईक अडचण काढली, आणि ती योग्य होती. समोरचा खेळाडू धूर्त असेल तर तो हल्लाच करणार नाही; दूर उभा राहील. भिक्खूही मारीत नाही. दोघे उभेच, घड्याळ संपेल. अशा सामन्याला प्रेक्षक शिव्या घालतात. याचे उत्तर त्याच्याच आकड्यांत होते. भिक्खूची पट्टी मुळातच लहान ठेवलेली आहे. वेळ संपली तर तो हरतो. म्हणून त्याला एका जागी बसून राहता येत नाही, समोरच्याकडे चालत जावेच लागते, माराच्या टप्प्यात शिरावेच लागते. चारिका त्याच्या गणितातच बसलेली आहे. विहारात बसून दान मोजणाऱ्या भिक्खूवर बाबासाहेबांनी १९५० सालीच महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात कडक टीका केली होती. हा भिक्खू बसला की हरेल, ही योजना त्या टीकेशी जुळणारी आहे.

चित्रांसाठी त्याने परदेशी विहारांचे फोटो जमविले होते. मी त्याला विद्यापीठामागच्या डोंगरातल्या लेण्यांत धाडले. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना आठ महाभये कोरलेली आहेत: आग, तलवारीचा वार, बेड्या, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. प्रत्येक चौकटीत भयग्रस्त माणूस हाक मारतो आहे. सहाव्या शतकातल्या कारागिराने आठ फेऱ्यांचा खेळच दगडात मांडून ठेवला आहे, आणि त्यातला तारणारा कोणावरही हात उगारीत नाही. तो महायानातला बोधिसत्त्व आहे, देवासारखा, आणि त्याची पूजा बांधू नये हे खरे. पण बेड्या हे भय त्या काळी कोणाच्या वाट्याला येत असेल, एवढा विचार तेथे उभे राहून करता येतो. आठांपैकी तलवार आणि बेड्या ही दोन माणसाने माणसाला घातलेली भये आहेत. माझ्या मते खेळात हीच दोन सर्वांत कठीण असावीत. हत्ती आणि सिंह लवकर उरकावेत.

आराखड्यात भिक्खुणीचे पान कोरे आहे. "नंतर करतो," असे तो म्हणाला. आमच्या चळवळीत हे 'नंतर' फार ऐकलेले आहे. भद्दा कुंडलकेशा त्याला माहीत नव्हती. राजगृहाच्या या श्रेष्ठिकन्येने वधस्तंभाकडे नेल्या जाणाऱ्या चोरावर जीव जडवून त्याच्याशी लग्न केले. दागिन्यांसाठी तिला मारावे म्हणून तो तिला कड्यावर घेऊन गेला. त्याचा हेतू कळल्यावर तिने शेवटचा नमस्कार करू दे असे म्हटले, आणि त्याच्या मागे जाऊन त्यालाच कड्यावरून लोटून दिले. विनयाने पुढे भिक्खूला जो प्रहार सुटकेसाठी दिला, तो तिने चीवर अंगावर येण्याआधीच मारलेला होता. नंतर ती निगंठांत गेली. त्यांनी केस उपटले, ते कुरळे उगवले. वादविद्या शिकून ती गावोगाव हिंडू लागली. वेशीजवळ वाळूच्या ढिगात जांभळाची डहाळी रोवावयाची. वाद करावयाचा असेल त्याने ती तुडवावी. श्रावस्तीत सारिपुत्ताने पोरांकडून ती डहाळी तुडवविली. वाद झाला, ती हरली, आणि संघात आली.

तिचा खेळ कड्यावरून सुरू करता येईल आणि दुसरा टप्पा डहाळीपासून. अडचण शेवटच्या फेरीची आहे: ती फेरी ती हरते, आणि हरल्यानेच पुढे जाते. पात्र हरल्यावर त्याची पायरी चढेल असे खेळात बसविता येते का, हे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "बसतं सर, पण जिंकणं-हरणं ठरविणारा सगळा भाग पुन्हा लिहावा लागेल." दिवाळीच्या सुट्टीत तो ते लिहावयास बसणार आहे.